एचआयव्ही असलेल्या मुलाला टॉनिक द्यावं का? आणि दिलं तर कधी?

रामबागेतली_मावशी
बुधवार, रात्री १०.५०

नमस्कार. इथे मी बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतेय आणि तोही अशा विषयावर, ज्याबद्दल घरातसुद्धा दार लोटून बोलावं लागतं. ओळख पटेल असे तपशील बदललेत. मोबाईलवरून टंकतेय, चुभूद्याघ्या.

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे. बहीण गेली, मेहुणे तिच्या आधीच गेले होते. चौथ्या वर्षापासून तो आमच्याकडे इंदूरला आहे. त्याला जन्मापासून एचआयव्ही आहे. औषधं सरकारी ए.आर.टी. (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या) केंद्रातून मिळतात, फुकट आणि नियमित. पठ्ठ्या शाळेत जातो, गल्लीत क्रिकेट खेळतो, रविवारी पोह्यांवर माझ्यापेक्षा जास्त जिरावन मसाला घालतो. वजन २१ किलो. सकाळी साडेसातला एचआयव्हीच्या औषधाची, डोलुटेग्राविरची, ५० मिलिग्रॅमची एक गोळी आणि बाकीच्या गोळ्या. मग पोळीभाजी किंवा पोहे, आणि ८.१० ला रिक्षा.

दर वर्षी त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचा आकडा, छान कमी यायचा. या वेळी २३०० आला. केंद्रातल्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, गोळ्या चुकतात का? मी म्हटलं, घरातलं घड्याळ बंद पडेल, पण गोळी चुकत नाही. त्या काही बोलल्या नाहीत. समुपदेशक ताई म्हणाल्या, पुढच्या वेळी गोळ्यांखेरीज जे जे त्याच्या पोटात जातं ते सगळं पिशवीत घालून आणा.

भाजीची पिशवी भरली! लाल रंगाचं रक्तवर्धक सिरप. कॅल्शियमचं पांढरं सिरप. झिंकच्या अस्वलाच्या आकाराच्या गोड गोळ्या, त्या माझ्या जावेने आणलेल्या. चॉकलेटी पावडरचा डबा. च्यवनप्राश. आणि सासूबाईंचं गॅसवरचं गुलाबी औषध, कारण पोट दुखलं की तेही झाकणभर मिळतं. ताईंनी एकेक बाटली उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि विचारलं, "हे लाल आणि पांढरं किती वाजता देता?"

सात वाजता, अनशापोटी. सासूबाई देतात. अनशापोटी अंगी लागतं म्हणून.

आता खरी गोष्ट सांगते. सासूबाईंना एचआयव्हीचं माहीत नाही. त्यांना आम्ही सांगितलंय की त्याला "रक्ताचा आजार" आहे. त्यांनी त्यांच्या परीने अर्थ लावला की पोराला रक्त कमी आहे. सहा महिन्यांपूर्वी तो तापाने पडला तेव्हा जवळच्या एका खासगी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनाही मी काही सांगितलं नाही. त्यांनी पापण्या खाली ओढून बघितल्या आणि लोह व कॅल्शियम लिहून दिलं. त्यांची काही चूक नाही. मीच तोंड मिटून बसले होते.

आता सगळ्या बाटल्या कपाटावर ठेवल्यात आणि मी गोंधळलेय. काही ठिकाणी वाचते की या मुलांना जीवनसत्त्वं जास्त लागतात, काही ठिकाणी वाचते की देऊ नका. तुमच्यापैकी कुणी या वाटेने गेलंय का?

भिया_इंदूरवाले
बुधवार, रात्री ११.१५

मावशी, आधी नमस्कार घ्या. वैद्यकीय काही कळत नाही, पण धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद.

स्टेथोवाली
गुरुवार, सकाळी ६.४०

मुलांची डॉक्टर आहे, ए.आर.टी. केंद्रात काही वर्षं काम केलंय. ड्युटीआधी लिहितेय. तुमच्या भाच्याचे डॉक्टर मी नाही, तेव्हा बदल त्यांना विचारूनच करा.

डोलुटेग्राविरची एक खोड आहे. लोह, कॅल्शियम, झिंक, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम हे धातू पोटात भेटले की ते त्याला धरून बसतात. मग ती गुंडाळी रक्तात शोषली जात नाही, तशीच पुढे निघून जाते. निरोगी प्रौढांवर हे मोजलंय. उपाशीपोटी कॅल्शियमबरोबर घेतलं तर रक्तात पोचणारं औषध साधारण ३९ टक्क्यांनी कमी झालं, लोहाबरोबर ५४ टक्क्यांनी. तेच भरपेट खाण्याबरोबर घेतलं तर फरक जवळपास उरला नाही. म्हणून नियम असा, की गोळी टॉनिकच्या २ तास आधी तरी घ्यावी किंवा टॉनिकनंतर ६ तासांनी. लोह-कॅल्शियम बरोबरच द्यायचं झालं तर दोन्ही जेवणासोबत. गॅसच्या औषधाला मात्र जेवणाची सवलत नाही. त्यात ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असतं, तिथे २ तास आधी किंवा ६ तास नंतर हाच हिशेब.

तुमच्याकडे सातला अनशापोटी लोह-कॅल्शियम आणि साडेसातला, पोहे पोटात जायच्या आत, गोळी. याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती. पण २३०० त्यामुळेच झाले असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. मुलं गोळी गालात धरून बेसिनमध्येही टाकतात. १००० च्या वर आकडा आला की तीन महिने नीट पाठपुरावा करून पुन्हा तपासतात, ते होऊ द्या. लगेच औषध बदला असा धोशा लावू नका.

मांडवीची_सून
गुरुवार, दुपारी २.०५

मी बडोद्याची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. दोन शंका. एक, मग दूधही गोळीबरोबर चालणार नाही का? त्यातही कॅल्शियम असतंच की. दोन, आमच्याकडे आठवड्यातून एकदा लोहाची गुलाबी गोळी वाटतात. समजा वर्गात असं मूल असेल आणि मला माहीतच नसेल, तर मी नकळत त्याचं वाटोळं करतेय का?

स्टेथोवाली
गुरुवार, रात्री ९.३०

नाही हो, जीवाला लावून घेऊ नका. नेहमीच्या जेवणातलं दूध-दही बंद करायची गरज नाही. भानगड टॉनिक-गोळ्यांमधल्या एकवटलेल्या धातूंची आहे.

५ ते ९ वर्षांच्या मुलांची गुलाबी गोळी म्हणजे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड, आठवड्याला एक. १० ते १९ वयाची निळी, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह. तुम्ही दुपारच्या जेवणानंतर देता ना? सकाळी सातला औषध घेतलेलं मूल तोवर केव्हाच मोकळं झालेलं असतं. रात्री नऊला घेणारं असेल तरी सहा तास उलटून जातात.

आणि शाळेला कुणी सांगायला बांधील नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात ही माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय आणि शाळेत भेदभावाला बंदी आहे.

काढेवाला
गुरुवार, रात्री १०.१२

या सगळ्या विलायती गोळ्यांनीच यकृत खराब होतं. आमच्या ओळखीच्यांनी गुळवेल, प्रवाळपिष्टी आणि सुवर्णभस्मावर असा रोगी खडखडीत बरा केलाय. पत्ता व्यनि (खासगी निरोप) करतो.

एकतीस_नंबर
गुरुवार, रात्री १०.५८

व्यनि नका करू, इथेच बोला.

मी ग्वाल्हेरचा, वय २५, जन्मापासून पॉझिटिव्ह. सरकारची मोफत औषधं २००४ मध्ये सुरू झाली आणि मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम २००६ च्या अखेरीस. त्याआधीची दोन वर्षं माझ्या आईने असेच "ओळखीचे" पालथे घातले. एकाने भस्म दिलं, एकाने शेळीचं दूध. मी सहा वर्षांचा असताना दहा किलोचा होतो. औषध सुरू झालं आणि एका वर्षात शर्ट तोकडे पडले. बाकी वाद नंतर घाला.

आणि काका, प्रवाळ म्हणजे पोवळं, पोवळं म्हणजे कॅल्शियमच. शंखभस्मही तेच. आत्ताच वर काय लिहिलंय ते वाचलंत का?

रक्तावरून आठवलं. लहानपणी मला एचआयव्हीचं झिडोव्हुडिन हे औषध होतं. चेहरा पांढराफटक पडला. आईने बीट, डाळिंब, खजूर, लोहाचं सिरप, सगळं केलं. हिमोग्लोबिन ढिम्म. शेवटी कळलं की त्या औषधानेच हाडांच्या मगजात रक्त बनायचं कमी होतं. औषध बदललं आणि बीट न खाता रक्त वाढलं. बीट मला अजूनही आवडत नाही.

संपादक मंडळ
गुरुवार, रात्री ११.३०

ए.आर.टी. बंद करण्याचा सल्ला देणारे प्रतिसाद या धाग्यावर राहणार नाहीत. कुणाच्याही ओळखीचा तपशील विचारू नये.

नाचणीसत्त्व
शुक्रवार, सकाळी ११.२०

आहारतज्ज्ञ आहे, मूळची इंदूरची, लोकमान्य नगरात वाढले.

"या मुलांना जीवनसत्त्वं जास्त लागतात" हे अर्धं खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २००९ ची मार्गदर्शिका म्हणते की लक्षणं नसलेल्या मुलाला ऊर्जा सुमारे १० टक्के जास्त लागते. आजारपण चालू असेल किंवा वजन घटत असेल तर २० ते ३० टक्के, तीव्र कुपोषणात ५० ते १०० टक्के. जीवनसत्त्वं-खनिजं मात्र इतर मुलांइतकीच, म्हणजे रोजच्या गरजेच्या एकपट. दुप्पट देऊन बघितलंय. युगांडात १ ते ५ वर्षांच्या मुलांवर तसा प्रयोग झाला, २०१० मध्ये निष्कर्ष आले. मृत्यूंमध्ये फरक पडला नाही.

या १० टक्क्यांचा लोक फार बाऊ करतात. ७ ते ९ वर्षांच्या मुलाची गरज आपल्याकडे रोज १७०० कॅलरी धरतात. त्याचे दहा टक्के १७०. म्हणजे तळहातात मावतील इतके, ३० ग्रॅमच्या आसपास शेंगदाणे. संपलं. त्या चॉकलेटी डब्याच्या किमतीत महिनाभर दाण्याचे लाडू होतील, वर डाळ आणि अंडंही.

लोहासाठी आपले पोहे बरे, फक्त लिंबू पिळायला विसरू नका, आंबटामुळे लोह जास्त शोषलं जातं. आणि आजी-नातू सकाळी एका बशीतून चहा पीत असतील तर तो बंद. चहा लोहाला आडवा येतो.

अवांतर: नाचणी इंदूरला आता बरी मिळते. माझ्या लहानपणी पुण्याहून कुणी येणार म्हटलं की आईची पहिली फर्माईश नाचणी असायची.

रामबागेतली_मावशी
शुक्रवार, दुपारी ४.३३

एका बशीतून चहा! तुम्ही आमच्या खिडकीतून बघताय का?

स्टेथोवाली, जाऊबाईंनी आणखी एक विचारलंय. मासळीच्या तेलाच्या कॅप्सूल, "अ" जीवनसत्त्वासाठी? तिने वाचलंय की आफ्रिकेत त्याने मुलं वाचली.

स्टेथोवाली
शनिवार, रात्री ८.१५

बरोबर वाचलंय, पण ते पुरं नाही. आफ्रिकेत "अ" जीवनसत्त्वाच्या तीन चाचण्या झाल्या, त्या एकत्र केल्यावर एचआयव्ही असलेल्या मुलांमधले मृत्यू निम्म्यावर आलेले दिसले. त्यातली बहुतेक मुलं लहान वयाची, औषधं न मिळालेली, आहारात "अ" ची टंचाई असलेली. तेच "अ" टांझानियात गरोदर बायकांना दिलं तर बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण उलट वाढलं. सरसकट चांगलं असं काही नसतं.

आपल्याकडे ९ व्या महिन्यात १ लाख युनिट, मग दर सहा महिन्यांनी २ लाख, पाचव्या वाढदिवसापर्यंत एकूण ९ डोस. एचआयव्ही असलेल्या बाळांनाही तेच, ते चुकवू नका. पण तुमचा भाचा नऊ वर्षांचा. त्याला आता रोजच्या कॅप्सूल नकोत. "अ" लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठतं.

झिंकची गोष्ट मला आवडते. विषाणूला स्वतःची प्रथिनं रचायला झिंक लागतं, म्हणून भीती होती की मुलांना झिंक दिलं तर आपण विषाणूलाच खुराक देऊ. दक्षिण आफ्रिकेतल्या पीटरमॅरिट्झबर्गला ९६ मुलांवर तपासलं, रोज १० मिलिग्रॅम, सहा महिने. २००५ मध्ये छापून आलं. व्हायरल लोड वाढला नाही आणि जुलाब कमी झाले. तेव्हा जुलाब लागले तर ओआरएससोबत झिंक द्यायचंच, सहा महिन्यांवरच्या मुलाला २० मिलिग्रॅम, १४ दिवस. फक्त ते १४ दिवस डोलुटेग्राविरपासून अंतर ठेवा. हे सांगायला दवाखान्यातले लोकही विसरतात, मीही एकदा विसरलेय.

लोह डोळे झाकून नको. मलावीत रक्त कमी असलेल्या, एचआयव्ही असलेल्या मुलांना लोह दिलं. हिमोग्लोबिन वाढलं, पण पहिल्या तीन महिन्यांत मलेरियाही वाढला. आपल्या भागात आणखी एक गोष्ट. झाबुआ, अलीराजपूर, बडवानी इकडच्या मुलांमध्ये सिकलसेल बरंच दिसतं, इंदूरला थॅलेसेमियाही; दोन्ही रक्ताचे आनुवंशिक आजार. पापणी पांढरी म्हणजे लोहच कमी असं नाही. आधी रक्त तपासा.

रामबागेतली_मावशी
शनिवार, रात्री ९.०२

हिमोग्लोबिन केंद्रात केलं होतं. ११.८. मॅडम म्हणाल्या, लोह बंद करा, लागत नाही. सहा महिने ज्यासाठी बाटल्या रिचवल्या ते रक्त कमी नव्हतंच म्हणायचं.

एकतीस_नंबर
शनिवार, रात्री ९.४०

मावशी, एक विचारू? सासूबाईंना सांगत का नाही? आणि त्याला स्वतःला?

रामबागेतली_मावशी
शनिवार, रात्री ११.५५

त्याला थोडं सांगितलंय. रक्तात एक जंतू आहे, गोळी त्याला झोपवून ठेवते. नाव नाही सांगितलं. ताई म्हणतात, वर्षभरात हळूहळू सांगू, त्या मदत करतील.

सासूबाईंचं अवघड आहे. बहिणीच्या तेराव्याला त्या एक वाक्य बोलल्या होत्या, ते इथे लिहिणार नाही. तेव्हा त्यांना कारण माहीत नव्हतं, नुसता संशय होता. त्याच बाई आज त्याला मांडीवर घेऊन बाटलीचं झाकण भरतात. मी ते बघते आणि घसा आवळतो. सांगितलं तर ती मांडी राहील की जाईल?

मांडवीची_सून
रविवार, सकाळी ८.२०

पण त्या मांडीपायीच गोळी वाया जात होती ना. रागावू नका.

नाचणीसत्त्व
रविवार, सकाळी ९.००

दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवता येतील. आजाराचं नाव न सांगता वेळापत्रक सांगता येतं. थायरॉईडची गोळी घेणाऱ्या किती आज्यांना ठाऊक असतं की कॅल्शियम तिच्याबरोबर घेत नाहीत. सासूबाई घेतात का थायरॉईडची?

रामबागेतली_मावशी
रविवार, सकाळी ९.०६

अगं बाई. घेतात!

भिया_इंदूरवाले
रविवार, सकाळी ९.१०

इथे टाळ्यांची स्मायली कुठे असते?

रामबागेतली_मावशी
(साडेतीन महिन्यांनंतर) मंगळवार, रात्री १०.२०

धागा वर काढतेय, कारण तिघांनी व्यनि करून विचारलं.

दुसरा व्हायरल लोड आला. विषाणू आढळला नाही. मॅडम म्हणाल्या टॉनिक हे कारण असू शकतं. शिवाय चौकशीत असं निघालं की मी माहेरी गेले होते त्या चार दिवसांत दोन गोळ्या चुकल्या होत्या. म्हणजे माझं ते घड्याळाचं वाक्य मी मागे घेते.

लोह बंद. झिंकची अस्वलं जाऊबाईंना परत, त्या जरा फुगल्यात. कॅप्सूल आणल्याच नाहीत. ड जीवनसत्त्व तपासणीत कमी निघालं, म्हणून ते आणि कॅल्शियम मॅडमनीच लिहून दिलं, वेळ नेमून. गुलाबी औषध सासूबाईंच्या उशाशी, त्याला हात लावायचा नाही.

सासूबाईंना एवढंच सांगितलं, की तुमच्या थायरॉईडच्या गोळीसारखीच याचीही गोळी आहे, कॅल्शियमशी तिचं पटत नाही. त्या म्हणाल्या, "मग आधी नाही का सांगायचं, मी काय मुद्दाम देत होते?" मग चष्मा लावून मार्करने बाटलीवर लिहिलं, "दु. ४, शाळेतून आल्यावर, खाऊबरोबर". साडेतीनपासून बाटली ओट्यावर काढून ठेवतात. नाव अजून सांगितलेलं नाही. एकतीस_नंबर, मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणाल.

एकतीस_नंबर
मंगळवार, रात्री १०.४१

काही नाही म्हणत. त्याला स्वतःला मात्र दहावीच्या आत नीट सांगा. मला एका फाईलवरून कळलं होतं.

गुमनाम_वाचक
बुधवार, सकाळी ७.१५

फक्त हे लिहिण्यासाठी खातं उघडलं. आमची मुलगी चार वर्षांची, डोलुटेग्राविरच्या पाण्यात विरघळणाऱ्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या घेते. लोहाचं सिरपही चालू आहे. वेळ कधीच कुणी विचारली नव्हती. आज विचारणार. कुणाला विचारायचं हे कळत नसेल तर १०९७ वर फोन करता येतो, नॅकोची (सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची) मोफत हेल्पलाईन आहे. मी काल केला.

मांडवीची_सून
बुधवार, सकाळी ७.५०

मावशी, चार वाजताचा खाऊ काय देता? लाडू असेल तर प्रमाण द्या.

रामबागेतली_मावशी
बुधवार, दुपारी १.२५

दोन वाट्या दाणे मंद आचेवर खरपूस भाजून सालं काढायची. पाऊण वाटी गूळ किसून. मिक्सरमधून एकदाच फिरवायचं, तेल सुटायच्या बेताला थांबायचं, नाहीतर गोळा होतो. वेलची त्याला आवडत नाही, घालत नाही. लिंबाएवढे वळायचे, सतरा-अठरा होतात. तो दोन खातो. तिसरा खिशात घालून क्रिकेटला नेतो, आणि शर्टाचा खिसा धुताना मला कळतं.